अधिकाऱ्याचा आवाज

मूर्तिजापूर मागे पडलं आणि संध्याताई तायड्यांचा फोन वाजला. नाटकाच्या दुपारच्या प्रयोगासाठी त्या अमरावतीहून अकोल्याला निघाल्या होत्या. गाडी त्यांचे यजमान प्रीतम चालवत होते. फोन मुंबईहून, वर्षालीचा होता. ज्या हिंदी हेरपटांच्या मालिकेत ताई दुय्यम भूमिका करत, तिची ही दिग्दर्शिका.

"ताई, रागावू नका. तिसऱ्या भागात तुमचा आवाज दुसऱ्या बाईंकडून डब करून घेतोय. तुमच्या हिंदीला वऱ्हाडी हेल आहे."

"पहिल्या दोन भागांत नव्हता?"

"तेव्हा तुम्ही हेरखात्यातल्या टायपिस्ट होतात. आता अधिकारी झालात. हुकूम देता."

ताईंनी फोन ठेवला. खिडकीची काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

"काय म्हन्ते ते?" प्रीतमनी विचारलं.

"आपल्या बोलीनं टायपिंग जमते म्हन्ते, हुकूम देता येत नाई."

"मंग तू काय म्हनली?"

"कायीच नाई म्हनली! तेच त डोक्शात भनभन करून राह्यलं."

अकोल्यात पोचताच त्या रंग लावायला बसल्या. नाटकात त्या सरपंचबाई होत्या. दुसऱ्या अंकात तलाठ्याला झापायचं वाक्य जिभेवर येऊन थांबलं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. प्रेक्षागृहात कुणीतरी खाकरलं. हा आवाज खरंच हुकमाचा आहे का, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं. मग अंगातली सगळी चीड घेऊन त्यांनी ते वाक्य फेकलं.

विंगेत आल्यावर तलाठी झालेले नत्थुजी घाम पुसत म्हणाले, "बाई, आज मी खराच भेलो."

ताईंनी तिथूनच वर्षालीला फोन लावला. "मी मुंबईला येते. एकदा माझ्या तोंडून ऐका, मग काय करायचं ते करा."

सोमवारी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पहिल्यांदा त्यांनी हेल दाबून पाहिला. सगळं खोटं वाटलं. वर्षालीने नकारार्थी मान हलवली. मग त्या नेहमीसारख्या बोलल्या. काचेपलीकडे वर्षालीने तो तुकडा पुन्हा लावून ऐकला.

"शेवटचा प्रसंग तुमच्या आवाजात ठेवते," ती अखेर म्हणाली. "बाकीच्याला निर्माते तयार होणार नाहीत."

चित्रपट अमरावतीत लागला. पडद्यावर ओठ आपले आणि आवाज परका, हे दोन तास सोसताना ताई खुर्चीत सारख्या चुळबुळत होत्या. शेवटी त्यांचा स्वतःचा आवाज घुमला, "गाडी रोको. एक भी निकलना नहीं चाहिए!" मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, हे त आपली संध्याबाई बोलून राह्यली!"

प्रीतम खळखळून हसले. ताईंना हसू आलं नाही. एकच प्रसंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वर्षालीला लिहिलं, 'चौथ्या भागात सगळं मीच बोलणार. जमत नसेल तर दुसरी बाई बघा.' निरोप वाचल्याची निळी खूण उमटली. उत्तर आलं नाही. ताई तालमीला निघाल्या आणि ऑटोत प्रत्येक चौकाला फोन काढून बघत राहिल्या.