झुब्यांच्या मोलाचा कान

रविवारी मालन गुरवच्या उजव्या कानाची पाळी ओघळत ओघळत खांद्याला टेकली, आणि सोमवारी सकाळी ती गच्चीवर धुणं वाळत घालत असताना त्या पाळीच्या भोकातून एक साळुंकी आरपार निघून गेली. साळुंकीने पंखसुद्धा आवरले नाहीत. मालनने गालाला वारा लागला तसा पदर सारखा केला आणि उरलेली धोतरं झटकून दोरीवर टाकली.

यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. तिच्या माहेरच्या बायकांचे कान असेच जात. झुबे आईचे होते, आईला तिच्या आईचे. सोनं असं भरघोस की घालणारीची मान आपोआप ताठ राहावी. दुसऱ्या घरच्या बायका झुब्याला वेल लावतात. ती सोन्याची साखळी कानावरून केसांत खोचली की निम्मं वजन केस उचलतात. मालनच्या माहेरी वेल लावत नसत. वेल लावला की झुबा हलत नाही, आणि हलला नाही तर वाजत नाही. वाजणार नसेल तर तो डब्यातच काय वाईट, असं तिची आई म्हणे.

वाजण्याचं काम शुक्रवारी होतं. शुक्रवारी केतकीचा घाणा. लेकीच्या हळदीसाठी जात्याचा पहिला फेरा आईने ओढायचा, ओढताना कानातले झुबे वाजायचे, आणि त्या नादावर सूर धरून बायकांनी ओवी उचलायची, ही त्यांची रीत. मालनच्या घाण्याला उचललेली ओवी तिला अजून पाठ होती :

मायच्या झुब्याचं
सोनं वजनाला भारी
लेकीच्या घाण्याला
नाद जातोया शेजारी

सोमवारी दुपारी भोकातून मांजर गेलं. संध्याकाळी केतकीने पलीकडून हात घालून आईला चहाचा कप दिला आणि तसाच काढून घेतला. तिन्हीसांजेला पाळीचा खालचा काठ तुटला. तानपुऱ्याची तार तुटावी तसा आवाज झाला, आणि मिरजेत तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून कुणी डोकावलं नाही. निसटलेला झुबा मालनने रुमालात बांधून ठेवला. आता कानाखाली दोन पाकळ्या लोंबत होत्या, एक पुढची, एक मागची. केतकीने आपली जुनी रिबीन आणून त्यांची फुलगाठ बांधली.

"छान दिसतंय गं आई," ती म्हणाली. मग गाठ हलवून बघत म्हणाली, "पण वाजणार कसं?"

मालनची मोठी नणंद कालिंदी लग्नासाठी येऊन राहिली होती. मंडईत तिला पाहिलं की भाजीवाल्या आपसूक भाव उतरवून सांगत. ती म्हणाली, "कान काय, शिवून मिळतो. पण डॉक्टर पैसे घेत नाहीत हल्ली. ज्याच्यासाठी शिवायचा, तेच घेतात."

"म्हणजे झुबे?"

"झुबे, नाहीतर त्यातलं थोडंथोडं. आपण किती ताणतो त्याच्यावर आहे."

"वन्सं, आई म्हणायची, कान सोनारानंच टोचावेत."

"टोचायला लागतो सोनार. शिवायला कुणीबी चालतो. चल."

मंगळवारी कालिंदीवन्संनी तिला आधी डॉक्टर पिसाळांकडे नेलं. साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या गल्लीत, जिन्याने वर. ओसरीवर कान शिवून झालेल्या बायका बसल्या होत्या, सगळ्या खुशीत. टाके करंजीला मुरड घालावी तसे ठसठशीत होते. एकीच्या पाळीला चुकून काज झालं होतं. तिने त्यात शर्टाचं बटण घातलं होतं आणि ते तिला शोभतही होतं. मालन तिच्या शेजारच्या बाईजवळ बसली.

"दुखलं का हो?"

"पोहे," बाई म्हणाली.

"नाही, कान दुखला का?"

"कांदे घालून."

"त्यांना कालचं ऐकू येतं," बटणवाली म्हणाली. "काय खाल्लं, ते काल विचारलं होतं कुणी. उद्या येऊन उत्तर घेऊन जा. बाकी स्वस्तात झालं हो."

डॉक्टर पिसाळ हसतमुख गृहस्थ. तिवईवर बसलेले, हातात ओवलेली सुई. त्यांनी फुलगाठीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एक झुबा," ते म्हणाले.

"बघते," मालन म्हणाली.

त्यांनी तिवई पुढे ओढली. "अर्धा."

मालनने फुलगाठ चाचपली. तिवई आणखी पुढे आली. "बरं, नुसती फिरकी द्या. झुबे दोन्ही तुमच्याच कानात. लेकीच्या लग्नात मिरवा."

आता त्यांचे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागत होते. इतक्या जवळून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मिशीचे सुटे सुटे केस दिसत होते.

"अजून एक ठिकाण बघून येतो," मालन म्हणाली आणि उठली.

"बघा की," डॉक्टर पिसाळ म्हणाले, आणि तिवई काखेत मारून जिना उतरून त्यांच्यामागून चालू लागले. घाई नाही, हाका नाहीत. उसाच्या रसाच्या गाड्याशी दोघी थांबल्या तेव्हा तेही तिवई टाकून बसले आणि बोलले, "अर्धी फिरकी."

"बघितलंस?" वन्सं खालच्या आवाजात म्हणाल्या. "काही न बोलता उतरतोय. असाच उतरू दे."

डॉक्टर निर्मला भोकरे यांचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथेही बायका बसल्या होत्या. मालनने एकीकडे निरखून पाहिलं, मग दुसरीकडे.

"तुमचा कुठला कान शिवला?"

बाईने एका कानाला हात लावला, मग दुसऱ्या. "काय की बाई," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना विचारायला पाहिजे. त्यांनाही नाही आठवायचं."

मालनला तिथेच कळलं. डोळ्याला दिसतच नाही, त्या कामाला काय नाव ठेवणार?

आतली खोली लहान होती. टेबल, दिवा, पितळी वाटी. डॉक्टरबाईंनी हात धुतले, पुसले आणि फुलगाठ सोडून दोन्ही पाकळ्या तळहातावर घेतल्या. त्यांची बोटं कोमट होती. बाळाचं जावळ काढणाऱ्याने आधी नुसता हात फिरवावा, तशी ती फिरत होती.

"येईल नीट," त्या म्हणाल्या. "दोन्ही झुबे."

मालनच्या मनात हो होतं. पण जीभ मंडईत वाढलेली. तिने पहिल्या भावाला हो म्हटलं असं आयुष्यात झालं नव्हतं. बांगड्या भरतानासुद्धा ती हात आधी मागे घेत असे.

"एक घ्या," ती म्हणाली.

डॉक्टरबाई उठल्या नाहीत, त्यांची खुर्चीही हलली नाही. फक्त दोघींच्या मधली फरशी वाढली. टेबल पार त्या अंगाला गेलं.

"सरकली," वन्सं मालनच्या पाठीला कोपर लावत म्हणाल्या. "पाठ फिरवली की भाव उतरतो. आता सोडू नको."

"एक झुबा, तोही लग्न झाल्यावर," मालन म्हणाली.

खोली आणखी लांबली. भिंतींना नव्या खिडक्या आल्या आणि त्यांतून नवं ऊन आत पडलं. दिव्याखाली डॉक्टरबाई आता भातुकलीतल्या बाहुलीएवढ्या दिसत होत्या.

"दोन्ही फिरक्या," वन्संनीच सांगून टाकलं, "आणि लग्नाचं जेवण."

डॉक्टरबाई तिळाएवढ्या झाल्या. त्यांचं बोलणं पोचायला एवढा वेळ लागला की तोवर वन्संनी पिशवीतला चिवडा काढून खाल्ला.

"चालेल," तिकडून आवाज आला. "इथून शिवीन. सुई तेवढी लांब घ्यावी लागेल."

आणि खोलीच्या त्या टोकाहून सुई निघाली. ती फरशीवरून, उन्हाच्या पट्ट्यांतून, सावकाश येत राहिली. टोक मालनच्या गालापाशी पोचलं तेव्हा ते वाऱ्यावरच्या गवतासारखं लवत होतं. पलीकडच्या हाताला या टोकाचा काही पत्ता नव्हता.

"बघ, मानली," वन्सं म्हणाल्या.

मालन लवणाऱ्या टोकाकडे पाहत राहिली. हात तोच होता, थोड्या वेळापूर्वी तिच्या कानाखाली कोमट लागलेला. घासाघीस करून तिने भाव उतरवला नव्हता; तो हात लांब ढकलला होता.

मग तिने आपल्या मनाशी दोन्ही पारडी धरली. पिसाळांकडून शिवलं तर शुक्रवारी झुबे वाजतील, पण केतकी जाताना "येते गं आई" म्हणेल ते तिला दुसऱ्या दिवशी ऐकू येईल, रिकाम्या घरात. इथे शिवलं तर केतकीचा शब्द न शब्द कानात पडेल आणि कान ओकाबोका असेल. जात्याचा फेरा मुका जाईल. बायका सूर कशावर धरतील? एवढा विचार करायला तिला फार वेळ लागला नाही. मालनला एकदा दिसलं की दिसलं.

"वन्सं, तुम्ही बाहेर बसा."

"अगं, पण झुबे? तुझ्या आईचे?"

"आईचे झुबे आईनं ऐकले. मला लेकीला ऐकायचंय."

वन्सं तोंड वाकडं करून बाहेर गेल्या. मालनने डाव्या कानातला झुबा काढला. उजवा रुमालात होता. पितळी वाटी तेवढी तिच्याजवळ राहिली होती. पहिला झुबा तिच्यात पडला तशी खिडक्यांची एक रांग मिटली. दुसरा पडला आणि फरशा एकीखाली एक सरकत गेल्या, सुई आखडत गेली, टेबल आलं, दिवा आला, आणि दिव्याखाली डॉक्टरबाई पहिल्याएवढ्या मोठ्या होऊन बसलेल्या होत्या.

"घाण्याला नाद कुठून आणाल?" त्यांनी विचारलं.

"कान शाबूत असला की नाद शेजारूनसुद्धा येतो," मालन म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि पुढची पाकळी बोटांत धरली. सुई टोचल्याचं मालनला कळलंसुद्धा नाही, इतका तो हात जवळ होता.

पण खोली थांबली नव्हती. ती पहिल्याएवढी झाली आणि आणखी आत येत राहिली. टेबल मालनच्या पोटाला लागलं. भिंत डाव्या खांद्याला टेकली. दार तिच्या पाठीशी आलं, आणि दारात तिवई होती.

"फिरकीचा एक आटा," उजव्या अंगाने डॉक्टर पिसाळ म्हणाले.

मालन बोलली नाही. तिचं ठरलं होतं. ठरलेल्या माणसाने काय बोलायचं?

तिवई पुढे आली.

"सोन्याचा नुसता वास."

टाका अर्धा पडलेला. मालनने मान हलू दिली नाही.

"काही नको," डॉक्टर पिसाळ म्हणाले. "काहीसुद्धा नको."

मालनने नकार द्यायला तोंड उघडलं, आणि नाकारायला समोर काही मागणंच उरलेलं नाही हे तिच्या लक्षात आलं. बाहेरून वन्संचा समाधानाचा हुंकार ऐकू आला. डॉक्टर पिसाळ आता तिच्या मांडीवर बसले होते, पिसासारखे हलके. त्यांनी मागची पाकळी उचलली, प्रेमाने झटकली आणि आपली सुई तिच्यात घातली.

"मान ताठ ठेवा," पुढून डॉक्टरबाई म्हणाल्या.

मालनने मान ताठ ठेवली. कानाच्या दोन अंगांना दोन हात एकाच वेळी वर गेले, आणि दोन्ही धागे ताणले.