हसोजही

मी एक जुना संगणक आहे मित्रांनो, आणि माझ्या एका वाक्यामुळे एका मुलीवर नको तो आळ आला. तेव्हापासून मला कुणी शाबासकी दिली तरी ती अंगाला लागत नाही.

गेवराई तालुक्यात उमापूरला हंगामी वसतिगृहात मी राहतो. आईबाप ऊसतोडीला गेले, की मागे राहिलेली मुलं इथे राहून शाळा शिकतात. त्याआधी मी एका पतसंस्थेत राबत होतो. म्हातारा झालो तसा अडगळीत पडलो. इथल्या शाळेच्या अजिनाथ सरांनी मला इथे आणलं, धूळ झटकली आणि माझ्यात लिनक्स हे हलकं सॉफ्टवेअर घातलं. ज्याला जड जेवण पचेना त्याला पेज द्यावी, तसं ते मला मानवलं.

माझ्यावर खरा जीव होता मोहिनीचा. पोर आठवीतली, पण भित्तिपत्रकाचा सगळा मजकूर तीच टाईप करायची. दर वेळी कळफलक इंग्रजीवरून मराठीवर आणायचा तिला कंटाळा येई. एका शनिवारी तिने सरांना तसं सांगितलं. सरांनी माझ्यात मराठी कळफलकच कायमचा पहिला करून टाकला आणि एका लग्नाला निघून गेले. मोहिनीने मजकूर संपवला आणि मला नीट बंद केलं.

सोमवारी अधीक्षिका सुनिताबाईंनी मला सुरू केलं. त्यांना मुलांची हजेरी वर पाठवायची घाई होती. त्यांनी पासवर्ड टाकला. पडद्यावर नुसते ठिपके उमटले आणि मी म्हणालो, ‘पासवर्ड चुकीचा आहे.’ त्यांनी हळू टाकला, जोरात टाकला, चष्मा पुसून टाकला. मी आपला तेच म्हणत राहिलो.

जेवणाची पंगत माझ्यासमोरच बसते; तिथेच त्यांनी मोहिनीला उभं केलं.

“शेवटाला तूच बसलती ना त्याच्यापाशी? कावून बदलला पासवर्ड?”

“म्या न्हाई बदलला, बाई.”

“मग काय भूत आलतं का रातीचं? खोटं बोलायला लई शिकली तू.”

सगळ्या मुली ताटात बघत राहिल्या. पडद्याच्या कोपऱ्यात मी मराठीची बारीकशी खूण दाखवत होतो. तेवढीच माझी वाचा, आणि ती कुणाच्या ध्यानात आली नाही. मोहिनी अर्ध्या भाकरीवरून उठली.

संध्याकाळी तिने वडिलांना, आसारामला, फोन केला. “आबा, मला उसाच्या फडावरच न्या. हितं न्हाई राहायचं मला.” तिची थोरली बहीण अशीच एका हंगामाला म्हणून गेली होती. तिची शाळा तिथेच सुटली. सुनिताबाईंना हे ठाऊक होतं. तरीही दुसऱ्या दिवशी ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा टेम्पो आला, तेव्हा त्यांनी मोहिनीला अडवलं नाही. राग अजून उतरला नव्हता.

सर परतले आणि माझ्यापुढे बसले. आधी त्यांनी चित्रांचा पडदा बाजूला सारून नुसत्या काळ्या अक्षरांच्या पडद्यावर मला गाठलं. तिथला कळफलक अजून इंग्रजीच होता. तिथे तोच पासवर्ड चालला.

“बाई, पासवर्ड कुणीच बदललेला न्हाई,” सर म्हणाले. “मागच्या दारानं घेतोय, पुढच्या दारानं न्हाई.”

जागा भरली आहे का, काही फाईल बिघडली आहे का, तेही त्यांनी पाहिलं. माझी काही खोड सापडेना. मग त्यांनी पुढच्या दारी येऊन, जिथे नाव लिहायचं तिथेच पासवर्ड टाकला. तिथे ठिपके पडत नाहीत, अक्षरं दिसतात.

पासवर्ड होता गावाचं नाव, इंग्रजीत. सरांनी इंग्रजी ‘यू’वर बोट ठेवलं आणि ‘ह’ उमटला. पुढची बोटंही त्याच चालीने पडत गेली. शेवटी पडद्यावर उमापूरऐवजी लिहिलं होतं, ‘हसोजही’.

“हे कुठलं गाव?” सुनिताबाईंनी विचारलं.

“आपलंच,” सर म्हणाले. “म्याच मराठी पहिली केलती. तुमाला सांगायचं राहिलं.”

बाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, “पोरगी खरं बोलत होती हो.”

सकाळच्या पहिल्या एसटीने त्या फडावर गेल्या. तिथे आसारामसमोर, टोळीतल्या बायांसमोर त्यांनी मोहिनीची माफी मागितली, असं सर मुलींना सांगत होते. मोहिनी परत आली. तिची शाळा वाचली.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र ‘चूक’ म्हणतं, तेव्हा ते कुणाची चूक हे सांगत नाही. ते माणसाने शोधायचं असतं, आणि शोध लागेपर्यंत समोरच्या लेकराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो. मला हळू आवाजात तरी बोलता आलं असतं, तर मी पंगतीतच बोललो असतो. ही सल माझ्या मनातून जात नाही.

भित्तिपत्रक आता पुन्हा निघतं. मोहिनी रोज येते, पण खुर्चीत बसत नाही. दाराशी उभी राहून आधी विचारते, “बाई, हात लावू का?” पूर्वी ती कधीच विचारत नसे. सुनिताबाई “लाव की गं,” म्हणतात आणि तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावतात.