वावराच्या मधात ठेवलेली पेंढी

सोनाबाईंच्या नातीला, नेहाला, एक इंग्रजी शब्द काही केल्या उलगडत नव्हता. कॉलेजात प्रत्येकाला जुन्या साहित्यातला एकेक विसरलेला शब्द वाटून दिला होता. तिच्या वाट्याला ‘ग्लीनर’ आला. उद्या आदिलाबादला जाऊन तो वर्गात समजावून सांगायचा होता.

"या शब्दाची जुनी गोष्ट हाये, आजी. कापणी झाली. बायका टोपल्या घेऊन शेताबाहेर उभ्या. शेतकरी वावराच्या मधात एक पेंढी विसरून गेला. तरी त्या आत काऊन जात नाई? भेकड असतील, असं लिवलं मी."

तुरीच्या शेंगा सोलणारे सोनाबाईंचे हात थांबले. उत्तर त्यांना ठाऊक होतं. पण ते सांगायचं, तर या घरात पन्नास वर्षं झाकलेलं उघडं पडणार होतं. लहानपणी माहेरी, नार्नूरकडे, त्या दुसऱ्यांच्या वावरात सरवा वेचायच्या, कापणीनंतर पडलेली ज्वारीची कणसं गोळा करायच्या. आणि इथं, सासरी बेला गावात, त्या बारा एकरांच्या मालकीणबाई.

ओट्यावर त्यांचे यजमान केशवराव सुपारी कातरत होते. "बरोबर लिवलं पोरी. भेकडच असतीन त्या."

हे मात्र सोनाबाईंना सोसलं नाही.

"भेकड नाई वं," त्या नेहाला म्हणाल्या. "पेंढी कोणी विसरत नाई. मालक मुद्दाम ठेवते. ती हाये तोवर आत पाय टाकायचा नाई. त्यानं सोताच ती उचलली का वावर मोकळं, मंग सापडन ते आपलं. आमी वावराच्या कडंला, धुऱ्यावर बसून त्या पेंढीकडंच पाहत राहू."

"आमी?"

"मी आन माही माय. आठ वर्सं सरवा वेचला मी."

बोलून झाल्यावर त्यांनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हाईत हाये मले," केशवराव म्हणाले. "सोयरीक झाली तवाच तुया बापानं सांगतलं होतं."

"मंग इतके वर्सं बोलले काऊन नाई?"

"पेंढी तू उचलायची होती. मी धुऱ्यावर बसलो होतो."

नेहानं हसत ‘भेकड’ची अख्खी ओळ खोडली आणि ‘ग्लीनर म्हणजे सरवा वेचणारी’ असं नव्यानं लिहिलं. वही आजीपुढे सरकवून ती म्हणाली, "खाली माहिती देणाऱ्याचं नाव लागते."

सोनाबाई साठीत अक्षरं शिकल्या होत्या. बोटांवरची माती पदराला पुसून त्यांनी सावकाश, ठसठशीत नाव लिहिलं.

"आन माहं नाव?" केशवरावांनी विचारलं.

"तुमचं त्या खोडलेल्या ओळीत हाये," सोनाबाई म्हणाल्या आणि सोलायच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढे ओढलं.