खिडकीतून दिलेला घोट

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. तुमच्याकडे माझे भाऊबंद वीणेला लागतात, साधूंच्या हातात दिसतात. माझ्या वाट्याला तसलं पुण्य आलं नाही. मी उरुग्वेतल्या साल्तो गावचा आणि माझा धंदा एकच, लोकांना कडू पाजणं. येर्बाच्या झाडाचा वाळवून भरडलेला पाला माझ्या पोटात भरतात, त्यावर गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढून पितात. त्या पेयाला माते म्हणतात, आणि मलाही मातेच म्हणतात.

एका खुराड्याच्या कुंपणावर मी वेलीला लोंबकळत वाढलो. खाली कोंबड्या भांडायच्या आणि मी वरून ऐकायचो. लोकांच्या भानगडीत कान घालायची सवय मला तिथूनच लागली. पुढे कोणीतरी मला तोडलं, वाळवलं, माझं डोकं उडवलं, बिया खरवडून काढल्या आणि तोंडावर पांढऱ्या धातूचं कडं बसवलं. मग ओला पाला भरून मला मुरत ठेवलं. त्याशिवाय तुंबा कामाचा होत नाही. असा शिकूनसवरून तयार झाल्यावर मी जत्रेत विकायला बसलो, आणि मिल्टन नावाच्या एका तरुणाने मला उचललं. संत्री भरायच्या कारखान्यात तो कामाला होता. नेलिदाशी त्याचं लग्न ठरत होतं आणि रिकाम्या हाताने जायची त्याला लाज वाटत होती.

तेव्हापासून मी नेलिदाच्या स्वयंपाकघरात आहे. आमच्याकडे ओतणारं माणूस एकच असतं, आणि घरात ते माणूस नेलिदा. पहिला तुंबा सगळ्यात कडू, तो ओतणाऱ्याने स्वतः प्यायचा. मग ती पुन्हा भरून एकेकाला देणार, तो रिकामा करून परत देणार. तुंबा एक, नळी एक आणि तोंडं सगळ्यांची. नळी पुसायची नाही. पुसली तर आधी प्यायलेल्याचा अपमान होतो, आणि त्यावरून आमच्या गावात लोकांनी वर्षानुवर्षं बोलणं टाकलेलं मी पाहिलंय.

नळी तोंडात असली की माणसाचा खरा स्वभाव कळतो, म्हणून मी सगळ्यांची नोंद ठेवून आहे. मिल्टन शेवटचा घोट असा सुर्रकन ओढतो की शेजाऱ्यांना कळावं, याचा संपला. शेजारचा ओस्वाल्दो मला हातात धरून गप्पाच मारत बसतो. "अहो, तो मायक्रोफोन नाही, प्या आता," असं नेलिदा त्याला दर वेळी सुनावते. नेलिदाची मुलगी मारिएला सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते. ती हजेरीपटावर सही केल्यासारखी पिते आणि मला परत करते. आणि मारिएलाची मुलगी आब्रिल. ती रविवारी यायची. तिच्यासाठी नेलिदा माझ्यात पाण्याऐवजी गरम दूध आणि साखर घालायची. आब्रिल डोळे मिटून प्यायची आणि ओठांवर दुधाची मिशी घेऊन विचारायची, "आजी, अजून?" या घरात ‘अजून’ म्हणणारी तेवढी एकटीच. बाकीच्यांना न मागता मिळतं, म्हणून त्यांना किंमत नव्हती.

मग साथ आली. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ सांगू लागले की तुंबा वाटून पिऊ नका. मारिएला धावत आली आणि दारातूनच पत्र्याचे रंगीत पेले टेबलावर सरकवले.

"आई, आजपासून ज्याचा त्याचा वेगळा."

"आम्ही दोघं एका पलंगावर झोपतो," नेलिदा म्हणाली. "मी काय त्याचं घोरणंसुद्धा वेगळं ठेवू?"

"बरं, तुम्ही दोघं एकातून प्या. पण आम्ही आत येणार नाही. रविवारी फुटपाथवर बसू."

"ही माझी मुलगी आहे की नाक्यावरची पोलीस?" नेलिदाने नवऱ्याला विचारलं.

"पोलीस निदान हप्ता घेऊन सोडतो," मिल्टन म्हणाला. मिल्टनची छाती आधीच कमजोर होती, म्हणून तर एवढा बंदोबस्त. पण तो स्वतः क्लबात पत्ते खेळायला गुपचूप जायचा. ते मला माहीत होतं. मला सगळंच माहीत असतं. माझं तोंड एवढं मोठं आहे, तरी बोलायला मला कोणी शिकवलं नाही.

असे रविवार चालू झाले. आत खिडकीशी नेलिदा आणि मिल्टन, मध्ये लोखंडी गज, बाहेर फुटपाथवर घडीच्या खुर्च्यांवर मारिएला आणि आब्रिल. आब्रिलच्या हातात तिचा निळा पेला होता. ती त्यातून प्यायची, पण ‘अजून’ म्हणायची नाही. नेलिदाला ते लागलं. आजीला नातीचा अभ्यास बुडालेला चालतो, दात किडलेला चालतो, पण आपल्या हातचं नकोसं झालेलं चालत नाही.

ईस्टरचा आठवडा होता. आमच्या देशात तेव्हा हिवाळा जवळ येतो, हवेत गारवा आला होता. मारिएला कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणायला गेली आणि मिल्टन आत शेगडीला लाकडं घालत होता. नेलिदाने पटकन माझ्यात दूध ओतलं, साखर घातली आणि मला गजांपाशी धरलं.

"ये गं, एकच घोट."

आब्रिल खुर्चीवरून हलली नाही. "आईने नको सांगितलंय."

"ती तुझी आई आहे, पण माझी तर मुलगी आहे ना? तिला मीच मोठं केलंय याच्यावर. काही मेली बिली नाही."

"नको ना आजी."

"म्हणजे आजीचं आता नकोच तुला. बरं बाई, राहू दे."

असं कोणी बोललं की लहान मुलाने काय करायचं, सांगा. आब्रिल उठली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि गजांमधून नळी ओठांत धरली. तिने डोळे मिटले. मला वाटलं, चला, जुने दिवस आले.

पण तिने तोंड बाजूला केल्यावर नेलिदाने एप्रनच्या टोकाने नळी पुसली. मित्रांनो, इतक्या वर्षांत त्या बाईने माझी नळी कधी पुसली नव्हती. म्हणजे आपण काय करतोय ते तिला पक्कं ठाऊक होतं. मग त्याच नळीने ती स्वतः प्यायली, पाला बदलला, मला भरून आत मिल्टनला नेऊन दिलं आणि परत खिडकीशी आली.

तेवढ्यात मारिएला कोपऱ्यावरून आली. आब्रिल अजून गजांपाशीच उभी होती. मास्क खाली होता आणि ओठांवर दुधाची मिशी होती.

"खिडकीला कशाला चिकटलीस? आणि तोंडाला काय लागलंय? दूध? आब्रिल, तू आजीच्या तुंब्याला तोंड लावलंस? किती वेळा बजावलं होतं तुला! आजोबांची छाती कशी आहे माहीत नाही का? एवढं साधं कळत नाही?"

आब्रिल आईकडे बघत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती.

नेलिदाला एक वाक्य बोलायचं होतं. ‘मी पाजलं’. एवढंच. ती खाली वाकली, थर्मासचं झाकण घट्ट केलं, जे आधीच घट्ट होतं, आणि म्हणाली, "पोर आहे गं, जाऊ दे."

ऐकायला किती मायेचं वाक्य! पण त्यात तिने सगळा दोष उचलून नातीच्या खांद्यावर ठेवला, आणि वर तिला माफही करून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात मिल्टनला ताप चढला. मग श्वास लागला आणि रुग्णवाहिका आली. नेलिदालाही बाधा झाली होती, पण ती घरच्या घरी बरी झाली. मारिएला आणि आब्रिलचीही तपासणी झाली. दोघींना बाधा निघाली, नुसतं नाक गळण्यापुरती. कोणाकडून कोणाकडे गेलं ते आजवर कळलेलं नाही. सुपरमार्केटातून आलं असेल, क्लबातल्या पत्त्यांतून आलं असेल, माझ्या नळीतूनही आलं असेल. मी उगाच कोणाच्या नावावर मांडणार नाही. पण घाबरलेल्या माणसाला नाव लागतंच. मिल्टनला ऑक्सिजनवर ठेवल्याचा फोन आला, तेव्हा मारिएला फुटपाथवर उभी होती. खिडकी उघडी होती. रडता रडता ती लेकीवर ओरडली, "सांगितलं होतं ना मी तुला! सांगितलं होतं!"

आब्रिलने कान झाकून घेतले. नेलिदा आत पलंगावर होती. तिने ऐकलं. उठून खिडकीशी यायला तिला ताकद नव्हती, असं ती स्वतःला सांगत राहिली. फोन करायला ताकद लागत नाही, हे मी तिला सांगितलं असतं.

त्यानंतर आब्रिल आली नाही. आधी क्वारंटीन होतं, मग शाळेचा अभ्यास, मग पोटदुखी. मारिएला सामानाच्या पिशव्या दाराशी ठेवून जायची आणि तीही फार थांबायची नाही, कारण लेकीला तसं बोलल्याचं तिलाही खात होतं. नेलिदाने मला तसंच, ओल्या पाल्यासकट, पिठाच्या डब्यामागे ढकललं. मला बघितलं की तिला तो दिवस आठवायचा. ती पत्र्याच्या पेल्यातून एकटी प्यायची, अर्धं टाकून द्यायची. मी अंधारात बुरसत गेलो. माझं मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, त्या घरात दुर्लक्ष झालेल्यांत माझा नंबर पहिला नव्हता.

मिल्टन वाचला. बारीक झाला, काठी आली, दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घ्यायला लागला, पण घरी आला. आल्या आल्या विचारलं, "तुंबा कुठाय?"

"फुटला," नेलिदा म्हणाली.

मिल्टनने ते ऐकून घेतलं. काही दिवसांनी साखर शोधता शोधता त्याचा हात पिठाच्या डब्यामागे गेला.

"म्हातारे, हा तर फुटलेला नाही. नुसता हिरवा झालाय."

नेलिदा कांदा चिरत राहिली.

"आणि पोर का येत नाही?"

"अभ्यास असेल."

"रविवारी?"

"मला काय विचारतोस? तिच्या आईला विचार."

मिल्टनने मला उचलून बाहेर नेलं. उन्हात बसून त्याने मला चमच्याने खरवडलं, उकळत्या पाण्याने धुतलं आणि ओला पाला भरून पुन्हा मुरत ठेवलं. मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत होता. तो मला साफ करत होता आणि नेलिदा दारातून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कोणाच्याही चेहऱ्यावर पाहू इच्छित नाही.

वसंत आला. सगळ्यांची लस घेऊन झाली. मिल्टनच्या वाढदिवसाला मारिएलाने आब्रिलला जवळजवळ ओढतच आणलं. स्वयंपाकघरात टेबलावर केक होता, मधोमध मी होतो. मारिएला आत येऊन बसली. आब्रिल उंबरठ्यावरच थांबली. तोंडावर मास्क, हात खिशात. ती उंच झाली होती.

मिल्टनने दोन्ही हात पसरले. "ये इकडे. एवढ्या दिवसांची उधारी आहे तुझ्यावर."

"मी इथूनच बरी आहे, आजोबा."

"का गं? मी चावतो का?"

"नाही. पण परत तुम्हाला माझ्यामुळे..."

मारिएलाने मान फिरवली. मिल्टनचे हात तसेच हवेत राहिले. नेलिदाने माझ्यात पाणी ओतलं होतं. पहिला, सगळ्यात कडू तुंबा ती प्यायली. मग मला भरून मिल्टनला द्यायचं, ते तिने केलं नाही. मला टेबलावर ठेवलं, आणि हात एप्रनमध्ये लपवले.

"मारिएला, त्या दिवशी हिने आपणहून तोंड लावलं नव्हतं. मी बोलावलं. ती नको म्हणाली होती. तू मना केलंयस, हेही म्हणाली होती. मी रुसून दाखवलं, तेव्हा कुठे ती उठली. आणि तू ओरडलीस तेव्हा मी गप्प बसले."

"आई!" मारिएला उठून उभी राहिली. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू मला रागावशील म्हणून."

"म्हणून मी हिला रागावले! बाबा हॉस्पिटलात असताना... मी काय काय बोलले हिला..."

"अगं, मी तर रोज क्लबात जात होतो पत्ते खेळायला," मिल्टन घाईने म्हणाला. "माझंही नाव घाला त्यात."

नेलिदा आब्रिलकडे वळली. "तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. आणि नंतर रोज चुकत राहिलं."

"मला माहीत होतं," आब्रिल म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "मी तिथेच होते ना. मी वाट बघत होते, तू सांगशील म्हणून. त्या दिवशी. मग दुसऱ्या दिवशी. मग मला वाटलं, तुलाही खरंच वाटतंय की मीच केलं."

नेलिदा रडली नाही. रडली असती तर पोरीलाच तिची समजूत काढावी लागली असती, तेवढी अक्कल तिला उशिरा का होईना आली होती. मारिएला मात्र दारापाशी गेली, लेकीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या पोटात तोंड खुपसून राहिली.

थोड्या वेळाने आब्रिल आत आली. आधी आजोबांकडे गेली. त्यांच्या बरगड्या मोडतील की काय, इतक्या जपून तिने मिठी मारली. मग नेलिदाच्या शेजारी येऊन म्हणाली, "ऊठ आजी. आज मी ओतणार."

नेलिदा आपली खुर्ची कधी कोणाला देत नाही. ती उठली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. आब्रिलने थर्मास दोन्ही हातांनी उचलला. आजोबांना दिला, आईला दिला, पुन्हा आजोबांना दिला. आजीकडे बघितलं नाही. नेलिदाने हात पुढे केला नाही. मागायचा हक्क आपण घालवलाय, हे तिला कळत होतं.

मित्रांनो, जुनी वस्तू शेवटी ‘मला जपा’ म्हणते. मला मिल्टनने जपलंय, माझी काळजी नको. तुम्ही एक दिवस मोठे व्हाल, कोणाचे तरी आजी-आजोबा व्हाल आणि तुमच्याकडूनही चूक होईल. तुमच्या वाट्याची बोलणी एखादं लहान मूल खात असेल, तर त्याला नंतर एकांतात जवळ घेऊन गोड बोलू नका. ज्यांच्यासमोर त्याने ती खाल्ली, त्यांच्यासमोर बोला, आणि त्याच क्षणी बोला. नेलिदाने उशीर केला. तो उशीर भरून निघत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

केक संपला. आब्रिलने मला पुन्हा भरलं. दूध नाही, साखर नाही. ती उठली, कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि मला आजीसमोर धरलं. नेलिदाने मला दोन्ही हातांत घेतलं. पाणी फार गरम होतं, तिची जीभ पोळली असणार. शेवटच्या थेंबापर्यंत ती प्यायली आणि मला परत देताना खालच्या आवाजात म्हणाली,

"अजून?"

आब्रिलने जरा विचार केला. मग थर्मास आणायला गेली.