मंजुळाचे शेवट

मंजुळा पुस्तक वाचून झालं की त्याचा शेवट मला आधी सांगायची. कारण साधं होतं. मी मानपाड्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होतो. पाळी संपवून आलो की जेवता जेवता डोळे मिटायचे. तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं तर गोष्टीतल्या लोकांची लग्नं ठरायच्या आत मी भिंतीला टेकलेला असायचो.

"तुमी झोपाल, मंग मी कोनाला सांगू?" असं म्हणून ती पहिल्या घासालाच शेवट सांगून टाकायची. तो ऐकला की मी झोपायला मोकळा. सगळा संसार असाच झाला. मी एकही पुस्तक वाचलेलं नाही, पण शेवट कुठलाही विचारा.

ती श्रावणात गेली. वाचनालयातून आणलेलं 'पलीकडची ओसरी' उशाशी तसंच राहिलं. त्याचा शेवट विचारला होता तर "अजून पोचले नाय" म्हणाली होती.

दिवसकार्य झाल्यावर मीच शेवटचं पान उघडलं. 'त्याने कडी लावली' एवढंच होतं, खाली कोरं. तो म्हणजे कोण, माहीत नाही. कडी आतून लावली की बाहेरून, तेही नाही. मग पहिल्यापासून वाचायला घेतलं, तर चौथ्या पानावर झोप लागली. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती.

पण मला तो शेवट पाहिजे होता. तिचं शेवटचं पुस्तक अर्धं राहिलंय, हे जेवायला बसलं की रोज आठवायचं.

माझी सून शालू घरी कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करायची. साल नव्व्याण्णव. फोनची वायर कॉम्प्युटरला लावली की शालूचं इंटरनेट चालू आणि घरचा फोन बंद. ती वाचणाऱ्या लोकांच्या एका गटात होती. ठाणे, कल्याण, डोंबिवली, काही तर अमेरिकेतले. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचायचं.

"बाबा, तिथे विचारूया," शालू म्हणाली. "पण नवीन माणसाने आधी आपली यादी टाकायची असते. काय काय वाचलंय त्याची."

"मी काय वाचलंय?"

"आईंनी वाचलेली टाका. तुम्ही ऐकलीत ना सगळी."

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. नुसती नावं काय, दुकानाच्या काचेत बघूनही सांगता येतात. म्हणून मी प्रत्येक नावापुढे शेवट सांगितला. 'मिठागराची सून': सून परत येते, सासू तिला पाय धुवायला पाणी देते. 'उतारावरची बाभूळ': हरवलेला भाऊ सापडतो, दोघं मिळून झाड वाचवतात. इथे शालूचा हात थांबला.

"बाबा, नक्की असाच शेवट आहे?"

"तुझ्या सासूने सांगितलाय."

तिने लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गटात गोंधळ. गट चालवायच्या ठाण्याच्या मीराताई कर्णिक. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण शिक्षा द्यायची सवय राहिलेली. त्यांनी लिहिलं, "म्हात्रेकाका, आपल्याकडे शेवट फोडत नाहीत." अमेरिकेतल्या एका बाईंनी 'बाभूळ' नणंदेकडून मागवलं होतं. सामानात जागा व्हावी म्हणून पापड कमी केले होते. आता ना पापड ना शेवट, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या बाजूने धावले कल्याणचे दामाजी भोपी. गटात सगळ्यात लांब यादी त्यांची. त्यांनी लिहिलं, "काकांनी काय गुन्हा केला? 'मिठागराची सून' कोणी वाचलेलं नाही? सासू पाणी देते तिथे मी अक्षरशः रडलो."

मीराताईंचं एका ओळीत उत्तर आलं. "दामाजी, सून खाडीत जीव देते. सासू त्याच्या आधीच वारलेली असते."

मग दामाजींचं आलं. "माझ्याकडे जुनी आवृत्ती आहे."

त्यानंतर ज्याला त्याला आपापली यादी आठवली. 'आधीची घाईत झाली, ही सुधारून पाठवतो' असं म्हणत संध्याकाळपर्यंत बऱ्याच याद्या निम्म्या झाल्या. दामाजींची तर एका पानात मावली.

मला मात्र हसू येईना. मी शालूला विचारलं, "बाभळीतला भाऊ?"

"नाही सापडत, बाबा."

"आणि झाड?"

"तोडतात."

लग्नानंतरचं पहिलं पुस्तक आठवलं. त्यात एक म्हातारी मुलाची वाट बघत एसटी स्टँडवर मरते. मंजुळाने ते सांगितलं आणि मी ताट बाजूला सारून उठलो. दुसऱ्या दिवशीही अर्धाच जेवलो. त्यानंतर मला सांगितलेल्या पुस्तकांत कोणी मेलं नाही. मला वाटायचं, लेखक लोक मनाने चांगले असतात.

"तुला माहीत होतं?"

"एकदा विचारलेलं आईंना," शालू म्हणाली. "म्हणाल्या, खरा सांगितला तर ते जेवत नाय गं."

आता 'ओसरी'चा शेवट विचारायची भीती वाटायला लागली. दोन दिवस विचारला नाही. पण न विचारता जेवण जातच नव्हतं, मग विचारून आणखी काय बिघडणार? शालूकडून मीराताईंना एकट्यांना लिहवून घेतलं. मंजुळाचं, ताटाचं, सगळं सांगितलं.

दुपारी उत्तर आलं. "काका, जेवलात का? आधी जेवून घ्या, मग सांगते."

बोंबलाचा रस्सा होता आणि भात. सगळा जेवलो. शालूने लिहिलं, 'जेवले.'

मग त्यांचं आलं. "म्हाताऱ्याची बायको गेलेली असते. मुलं बोलावतात, तो जात नाही. कडी आतून लावतो. पुन्हा उघडत नाही."

मी दोनदा वाचलं. ताट धुऊन झालं होतं, त्यामुळे बाजूला सारायला काही नव्हतं.

"यादीत घालू हे?" शालूने हळूच विचारलं.

"घाल."

"शेवटासकट?"

मंजुळाने पहिल्या घासाला काय सांगितलं असतं, त्याचा मी विचार केला. "लिही. म्हातारा कडी काढतो. सुनेला म्हणतो, चहा टाक. मग पुस्तक परत करायला वाचनालयात जातो."

शालूने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. वायर काढली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

मी पुस्तक परत करून आलो तेव्हा दामाजी भोपींचं उत्तर येऊन पडलं होतं. "वा काका. चहाचा प्रसंग तर मी कधीच विसरणार नाही."

या वेळी मीराताईंनी त्यांना दुरुस्त केलं नाही.