सैल तारांची गिटार

मी एक जुनी गिटार आहे. मित्रांनो, एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले आणि पुस्तकबांधणी करणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणले. दिवसभर त्या पुस्तके बांधत आणि संध्याकाळी हातांची खळ धुऊन मला मांडीवर घेत. मग अख्खे घर माझ्याभोवती गोळा होई. त्यांची नणंद तर ताटे वाढायचीच विसरे.

एके दिवशी कागद कापायच्या यंत्रात बाईंचा डावा हात सापडला. जखम भरली, पण दोन बोटे कायमची ताठ झाली. एकाच वेळी वेगवेगळ्या तारा दाबणे त्यांना जमेना. चार-पाचदा खटपट करून त्यांनी मला कपाटावर ठेवून दिले. दोन वर्षे मी धूळ खात पडून राहिले. माझ्या पोटात कोळ्याने संसार थाटला!

एका रविवारी नणंदेने मला खाली काढले. बाई म्हणाल्या, "देऊन टाका हो कुणाला तरी, वन्सं. डोळ्यांसमोर नको."

आता मी परक्या घरी जाणार, असे मला वाटले. पण वन्संनी मला उचलले ते थेट वाद्ये दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. सारी हकिकत ऐकून काका मला घेऊन स्वतःच घरी आले. त्यांनी मला पुसले, नव्या तारा चढवल्या आणि खुंट्या पिळून सहापैकी तीन तारा सैल करून त्यांचे सूर खाली उतरवले. इतक्या वर्षांचे माझे सूर हा माणूस बिघडवतोय, असे वाटून मी मनातून चरफडले.

"काही दाबू नका, नुसत्या छेडा," काका म्हणाले.

बाईंनी छेडल्या. सहाही तारा एकमेकींत मिसळून भरदार वाजल्या. मी स्वतःच चकित झाले.

"आता एकच बोट सगळ्यांवर आडवं टेका. हं, तेच बोट पुढे सरकवा."

बोट सरकले, सूर बदलला. बाईंचे डोळे भरून आले. "अहो, ऐकलंत का!" त्यांनी नेहमी कपाळाला आठ्या घालून वावरणाऱ्या यजमानांना हाक मारली. नणंद हसून म्हणाली, "वहिनी, दादाच्याही तारा जरा सैल करून घ्या की!"

आता मी रोज वाजते. काही जुनी गाणी जमत नाहीत, तेव्हा बाई ती नव्याने बसवतात.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गिटारीला उन्हात ठेवू नका, तिच्या तारा पुसत जा. आणि वाजवणाऱ्याचा हात कुठे अडलाच, तर खुशाल तिच्या खुंट्या पिळा. आम्हाला ते मुळीच दुखत नाही.