नववं गाणं

बेबी पंचेचाळीस वर्षांची झाली होती, तरी घरच्यांसाठी अजून बेबीच होती. दातांच्या कवळ्या बनवायच्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. सोमवारी सकाळी ती गुलाबी मेणात समोरचे सहा दात बसवत होती, तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा पॉलिशवाला पेपर नाचवत आला आणि वडिलांचं अभिनंदन कर म्हणाला.

तिच्या वडिलांना सगळे कॅप्टन म्हणत. एके काळी त्यांच्या रॉक बँडने कॉलेजच्या पोरांना वेड लावलं होतं, आणि गाणी सगळी त्यांनीच लिहिलेली. मग बँड फुटला. त्यानंतर त्यांनी एकट्याने जे जे काढलं, त्याची समीक्षकांनी सालटी काढली. ‘हा माणूस संपला’ हे वाक्य तर एकाच समीक्षकाने दोन वेगवेगळ्या अल्बमना तसंच्या तसं वापरलं होतं. आता बहात्तराव्या वर्षी नवा अल्बम आला होता आणि त्याच समीक्षकाने पाचपैकी पाच तारे दिले होते.

पॉलिशवाल्याने हौसेने वाचून दाखवलं. नववं गाणं म्हणे अल्बमचा प्राण होता. मरणाऱ्या बायकोचा हात हातात धरून काढलेली शेवटची दुपार, आणि त्यात एक शब्द खोटा नाही. ऐकताना आपण त्या खोलीत उभे असतो, असं लिहिलं होतं.

बेबीच्या हातातला दात मेणात तिरका बसला. त्या खोलीत ती उभी होती, आणि एकटीच. कॅप्टन तेव्हा कार्यक्रमांच्या दौऱ्यावर होते. निरोप मिळूनही दोन कार्यक्रम उरकून ते तिसऱ्या दिवशी आले, सगळं आटोपल्यावर.

तिने पॉलिशवाल्याचे इयरफोन मागून घेतले आणि गाणं ऐकलं. आवाज थकलेला होता, पण गाणं चांगलं होतं, हेच वाईट होतं. शेवटच्या कडव्यात बायको नवऱ्याला म्हणते, पंखा कमी कर. मग काहीच म्हणत नाही.

आई अगदी तेच म्हणाली होती. शेवटी काही बोलली का, असं वडिलांनी त्या तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात विचारलं, तेव्हा बेबीने त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर आजवर दुसऱ्या कुणाला नाही.

संध्याकाळी ती कामावरून थेट त्यांच्याकडे गेली. जेवणाच्या टेबलावर कात्रणं पसरली होती. कॅप्टननी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. किती वर्षांनी ते ताठ बसलेले दिसले. तिला पाणीसुद्धा न विचारता त्यांनी एकामागून एक तीन परीक्षणं वाचून दाखवली. तिने ऐकून घेतली.

मग म्हणाली, “बाबा, तुम्ही तिथे नव्हतात.”

“कुठे?”

“आईजवळ. त्या दुपारी.”

त्यांनी चष्मा काढला. चिडतील, निदान नजर तरी चोरतील, असं तिला वाटलं होतं. पण ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “होतो की. तू खाली औषध आणायला गेली होतीस. तिचा हात इतका गार पडला होता, बेबी. पंखा कमी कर म्हणाली.”

“ते तर मी तुम्हाला सांगितलं.”

“नाही गं. मीच तुला सांगितलं.” आणि त्यांचे डोळे भरून आले.

ते खोटं बोलत नव्हते, हे तिला कळलं. खोटारड्या बापाशी भांडता आलं असतं. ज्याला खरोखर आठवतंय, त्याच्याशी काय भांडणार?

तेवढ्यात फोन वाजला. एका मासिकाच्या समीक्षक बाई मोठा लेख लिहीत होत्या. मुलगी इथेच बसलीय, तिलाच विचारा, असं म्हणून कॅप्टननी फोन तिच्या हातात दिला. बाईंनी फार हळुवारपणे विचारलं, गाण्यात आहे तसंच घडलं होतं का? कॅप्टन टेबलावरची कात्रणं सारखी करत होते. काय उत्तर येणार याची त्यांना जराही धाकधूक नव्हती.

“हो,” बेबी म्हणाली. “तसंच झालं.”

लेख महिनाअखेरीस आला. बेबीचं वाक्य पानाच्या मधोमध, चौकटीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशीचा फोन आला. आईची ही धाकटी बहीण आई गेली त्या दिवशी संध्याकाळी पोचली होती आणि पोचल्यावर तिने आधी बेबीला पोटाशी धरलं होतं. आता फोनवर ती चिडलेली नव्हती.

“त्या दुपारी तू एकटी होतीस, या विचाराने मी इतकी वर्षं रडले,” मावशी म्हणाली. “आता मी कशासाठी रडले म्हणायचं?”

मावशीने फोन ठेवला. नंतर बेबीने तिला चारदा फोन केला. मावशीने उचलला नाही.

वर्षअखेरीच्या बहुतेक याद्यांत कॅप्टनचा अल्बम पहिला आला. तोवर बेबीची अवस्था अशी झाली होती, की आईचा पलंग डोळ्यांसमोर आणला की बाजूच्या खुर्चीत बाबा बसलेले दिसायचे, आणि ती स्वतः कुठे उभी होती ते काही केल्या आठवायचं नाही.